जोडीबाईंचा सोळावा पत्ता

आजवर कुणालाही सांगितलं नाही, बायकोलाही नाही, ते आधी सांगून टाकतो. जोडीबाईंच्या अंगणवाडीतला खेकड्याचा पत्ता मी चोरला. तेव्हा वय एकेचाळीस, हुद्दा विस्तार अधिकारी, आणि चोरलं काय, तर साडीच्या खोक्यातून कापलेला तळहाताएवढा पुठ्ठा. त्याचा आळ पाच वर्षांच्या पोरीवर आला आणि मी व्हरांड्यात उभा राहून चहा प्यायलो. चहा चांगला झाला होता. हेही आठवतं, म्हणून लिहितो.

पण लिहायचं आहे ते बाईंविषयी. जोडीबाईंना मोठी माणसं आवडत नसत. राग वगैरे नव्हता. भाजीवाल्याच्या टोपलीतलं किडकं वांगं आपण जसं बाजूला सारतो, तसं त्या मोठ्या माणसाला नजरेनं बाजूला सारत. “सहा वर्साच्या वर मानूस नासते, सायेब,” त्या म्हणत, “मंग त्याले फकस्त खुर्ची लागते.” आणि हे म्हणता म्हणता माझ्यासाठी खुर्ची पुढे सरकवत. मी बसत असे. आम्हा लोकांना टोमणा समजायला वेळ लागतो. खुर्ची लगेच दिसते.

पांढरकवड्याच्या पुढे हायवे सोडला की सागाच्या जंगलातून एक रस्ता आत जातो, त्या रस्त्यावरच्या एका गावात त्यांची अंगणवाडी होती. गावात कापूस-तुरीची शेती करणारी घरं, आणि नाल्यापलीकडे कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती. पोडातली चार-पाच लेकरंही इथंच यायची. हजेरीपटावर बाईंचं नाव वेगळं होतं, पण लेकरांनी त्यांना जोडीबाई केलं होतं ते त्यांच्या खेळामुळे. सोळा पत्ते, आठ जोड्या. सगळे पालथे मांडायचे, पाळीपाळीनं दोन उलटायचे. जोडी लागली तर आपली, आणि पुन्हा आपलीच पाळी. नाही लागली तर होते तिथंच पालथे ठेवायचे आणि कुठं काय होतं ते डोक्यात ठेवायचं. हा खेळ जगभर खेळतात म्हणे. बाईंना जगाशी काही देणंघेणं नव्हतं.

पत्त्यावर कोणतं चित्र घ्यायचं याचा त्यांचा एकच कायदा होता: लेकराचा हात त्या वस्तूला लागलेला असला पाहिजे. म्हणून त्यांच्या पत्त्यांवर कापसाचं बोंड होतं, तुरीची शेंग होती, कोंबडी, सूप, विड्या वळायचं टेंभराचं पान आणि एसटीचं तिकीट होतं. एकदा एका पोरानं वाघ मागितला. आमच्याकडे वाघ ही काही चित्रातली गोष्ट नाही. गावाच्या शिवारात येऊन जातो. बाई म्हणाल्या, “हात लावून ये त्याले, मंग काढतो.” पोरगं विचारात पडलं. दुसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की बकरी चालेल.

तीन वर्षांच्या लेकराला त्या चारच जोड्या मांडत आणि पाच वर्षांचं झाल्यावर आठ. पत्त्यांची पाठ सारखी राहावी म्हणून सगळे पत्ते एकाच खोक्यातून कापलेले. तरी डाग पडतच. लेकरं चित्र लक्षात ठेवण्याऐवजी डाग लक्षात ठेवायला लागतात, हे बाईंना ठाऊक होतं. म्हणून एका पत्त्यावर हळदीचं बोट उमटलं की त्या स्वतः उरलेल्या पंधरा पत्त्यांवर, त्याच कोपऱ्यात, हळदीचं बोट उमटवत. तेलाचा ठिपका पडला तर सोळा ठिपके. मी एकदा हसलो होतो. एका ठिपक्यासाठी अर्धा तास घालवणारी बाई मला खुळी वाटली. माझा अर्धा तास तेव्हा कशात जात होता, ते विचारू नका. मासिक अहवालाच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिण्यात जात होता.

आणि त्या कधी मुद्दाम हरत नसत. लेकरापुढे खोटं हरणाऱ्या माणसाची त्यांना शिसारी येई. “आपुन मुद्दाम हारलो का लेकराले समजते, आपल्याले हे मानूस खुळं समजते म्हनून.” त्या जीव तोडून खेळत आणि खऱ्याखुऱ्या हरत. हरल्या की “नासली न मी!” म्हणून कपाळावर हात मारत, आणि सगळी बालवाडी खिदळत असे.

लच्मी ही पोडातली पोर. आली तेव्हा दोन महिने तोंडातून शब्द नाही. घरची बोली कोलामी, इथली मराठी. पोर आपली भिंतीला पाठ लावून बसायची. एक दिवस नाल्यातला जिवंत खेकडा पाठीवरून चिमटीत धरून घेऊन आली. मदतनीस पंचफुलाबाई किंचाळून मागं सरली. जोडीबाईंनी बादली पुढे केली, खेकडा तिच्यात सोडायला लावला आणि तिथंच पुठ्ठा घेऊन चित्र काढायला बसल्या. पाय काढले सहा. लच्मीनं चित्र पाहिलं, मान हलवली आणि दोन्ही हातांची दहा बोटं बाईंच्या नाकासमोर धरली. बाईंनी बादलीत डोकावून मोजलं. आठ पाय, दोन नांग्या. “बरोबर हाय वं माय,” त्या म्हणाल्या, “मलेच दिसत नाई.” दहांचा खेकडा काढला, त्याची जोडीही काढली. त्या दिवसापासून लच्मी बोलायला लागली. खेकडा तिचा झाला. डाव संपला की ती खेकड्याच्या दोन्ही पत्त्यांवरून बोट फिरवून मगच ते परत देई.

त्याच सुमारास आमच्या कार्यालयात खेळणी निवडायचं काम निघालं. तालुक्यातल्या सगळ्या अंगणवाड्यांना स्मरणशक्तीचा एक-एक खेळ द्यायचा होता. नमुन्याचे तीन डबे आले. मोठ्या साहेबांना, म्हणजे माझ्या वरिष्ठांना, हँडलवाला डबा आवडला. आतली चित्रं कुणी पाहिली नाहीत. मीही नाही. महिन्याच्या बैठकीत डबा फिरत फिरत जोडीबाईंपर्यंत गेला, तेव्हा त्यांनी तो उघडला. इग्लू, पेंग्विन, स्ट्रॉबेरी, पियानो.

“हे काय व्हय, सायेब?”

“बर्फाचं घर,” मी म्हणालो.

“तुमी गेलते का तिथं?”

“नाही.”

“मंग लेकरायले कायले धाडता? आपल्या इथं उन्हाळ्यात मटक्यातलं पानीबी गरम रायते.”

बैठकीतल्या बाया पदर तोंडाला लावून हसल्या. मोठे साहेबही हसले. त्यांना अशा गमती आवडत, कारण त्या दुसऱ्याच्या खर्चानं होत. म्हणाले, “ठीक आहे बाई, तुमचा खेळ पाहू. चांगला असला तर तालुक्यात तुमच्याच खेळाचे संच करू.” मी मात्र अडचणीत आलो. हँडलवाल्या डब्याची टिपणी मी आधीच तयार करून ठेवली होती, आणि त्या टिपणीवर माझं नाव होतं.

ठरल्या दिवशी आम्ही गेलो. चटईवर सोळा पत्ते मांडलेले, भोवती लेकरं. बाई म्हणाल्या, “बोलू नोका. एक डाव खेळा, मंग ठरवा.” मोठ्या साहेबांनी मला पुढे ढकललं. पँट गुडघ्यात ताणत मी मांडी घातली. समोर लच्मी आणि आणखी दोन पोरं.

त्या डावाचं वर्णन करण्यासारखं माझ्याकडे काही नाही. मला एकही जोडी लागली नाही. बोंड आत्ताच पाहिलं होतं, तेही सापडेना. मी हात पुढे केला की लेकरं आधीच “नाई नाई” म्हणून ओरडायची. दोन जोड्या त्या पोरांनी घेतल्या, पाच लच्मीनं. वरून मोठे साहेब म्हणाले, “काय हो, तुमच्या फायलीपण अशाच हरवतात का?” मी हसलो. वरिष्ठांच्या विनोदाला हसायची आमची एक ठरलेली लांबी असते, तेवढंच हसलो.

शेवटी दोनच पत्ते उरले. पाळी लच्मीचीच होती. तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि म्हणाली, “मी नाई. हे सायेबायचं.”

दोनच पत्ते उरल्यावर जोडी लावायला डोकं लागत नाही. हाताची बोटं शाबूत असली की पुरे. बाई लच्मीला रागावल्या, “मुद्दाम हारू नोको म्हनलं न तुले!” मग माझ्याकडे वळून, थोड्या कौतुकानंच, “खेकडा व्हय तो. तिले पयलेपासून ठाव व्हता कुठं हाय ते. पाहुन्यासाठी ठेवला तिनं.”

सगळे हसले. आमच्या जीपचा ड्रायव्हरही हसला. त्या पोरीनं तिच्या जवळची सगळ्यात लाडकी गोष्ट माझ्यापुढे ठेवली होती आणि मला त्यात फक्त भीक दिसली. तेवढ्यात पंचफुलाबाई चहा घेऊन आली, मोठे साहेब व्हरांड्यात निघाले, लेकरं थाळ्या आणायला उठली. त्या गडबडीत मी एक पत्ता उचलला आणि शर्टाच्या खिशात टाकला. विचार करून नाही, आणि चुकूनही नाही. हा डाव पुरा होऊ नये, एवढंच मला हवं होतं.

बाईंकडे एक शिस्त होती. पत्ते मोजून सोळा भरल्याशिवाय खिचडी वाढायची नाही. मला ती ठाऊक नव्हती. ठाऊक असती तर काय केलं असतं, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. उत्तर प्रत्येक वेळी थोडं बरं देतो. म्हणून आता विचारत नाही.

बाईंनी मोजले. पंधरा. पुन्हा मोजले. चटई झटकली. लेकरं थाळ्या धरून रांगेत उभी, खिचडीची वाफ निघून राहिलेली. पंचफुलाबाईचा धीर सुटला. “हिचाच जीव हाय त्या खेकड्यात,” म्हणत तिनं लच्मीला रांगेतून ओढलं. “काढ वं! कुठं ठेवला?” फ्रॉक झटकला. मूठ उघडायला लावली. मुठीतून दोन चिंचोके पडले.

लच्मी रडली नाही. ती चटईपाशी गेली, एका जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इथं व्हता.” मग व्हरांड्याकडे बोट केलं. “सायेबापाशी व्हता.”

“सायेबाचं नाव घेतं काहून!” पंचफुलाबाईनं तिच्या पाठीत धपाटा घातला.

मी कपबशी हातात धरून उभा होतो. म्हणालो, “जाऊ द्या हो बाई. एक पत्ताच तर आहे.”

जोडीबाईंनी पंचफुलाबाईचा हात धरून तिला बाजूला केलं. मग माझ्याकडे पाहिलं. खिशाकडे नाही, तोंडाकडे. “एक पत्ता नाई, सायेब,” म्हणाल्या, “एक जोडी.” आणि लेकरांना वाढायला घेतलं. त्या आणखी काही बोलल्या असत्या, तर मी त्यांच्या नोकरीचं काय करू शकलो असतो हे त्यांना ठाऊक होतं. मलाही होतं.

अहवालात मी लिहिलं, ‘स्थानिक संच पाहणीच्या वेळी अपूर्ण आढळून आला.’ वाक्य खरं होतं. माझ्या नोकरीतली सगळी खोटी कामं मी खऱ्या वाक्यांनीच केली आहेत. हँडलवाले डबे मंजूर झाले.

दुसऱ्या दिवशी लच्मीची आई अंगणवाडीच्या दाराशी आली. आत आली नाही. म्हणाली, “आमच्या पोरीची थाली द्या.” थाळी घेऊन गेली. पोडातली बाकीची लेकरंही यायची थांबली. मग जोडीबाईंनी काय केलं, तर अंगणवाडी सुटली की पंधरा पत्ते घेऊन रोज नाला ओलांडून पोडात जायच्या आणि तिथल्या अंगणात डाव मांडायच्या. पंधरा-वीस दिवसांनी बाकीची लेकरं परत आली. लच्मी आली नाही. पुढे शाळेच्या वयात ती शाळेत गेली, तेव्हा पोरांनी तिचं नाव ‘खेकडाचोर’ ठेवलेलं होतं. हे मला पंचफुलाबाईनंच सांगितलं, हसत, गावातली एक गंमत म्हणून. त्या बाईविषयी मला फार तिरस्कार वाटला. तो वाटून घेणं सोपं होतं.

हँडलवाला डबा आला. बाईंनी इग्लू-पेंग्विन वर्तमानपत्रात बांधून कपाटावर ठेवले आणि डब्यात मीठ भरलं. मी तपासणीला गेलो तेव्हा म्हणाल्या, “डब्बा कामाचा हाय, सायेब. झाकन घट्ट हाय.”

पत्ते त्यांचे तेच राहिले, पंधरा. मी कधी गेलो तरी डाव चाललेला असे. नवा खेकडा काढणं त्यांना अवघड नव्हतं. पुठ्ठा होता, हात होता. काढला नाही. उलट खेळाला एक नवा नियम झाला. ज्याच्या हाती एकटा खेकडा येई, ते लेकरू म्हणे, “याची जोडी येनार हाय,” आणि पत्ता होता तिथं पालथा ठेवी. दरवर्षी नवी लेकरं येत, हा नियम शिकत. त्यांतल्या एकालाही ठाऊक नव्हतं की ती जोडी ज्याच्याकडे आहे तो माणूस समोरच खुर्चीवर बसून रजिस्टरवर सही करतो आहे. एकदा मी पत्ता फाइलीत घालून नेला होता. बाई पाणी आणायला आत गेल्या. चटई समोर होती. तीन पावलं. मी नुसता घड्याळाकडे पाहत बसलो आणि पाणी पिऊन निघालो.

बाई वयानं निवृत्त झाल्या तेव्हा तालुक्याच्या सभागृहात निरोप समारंभ झाला. भाषण मीच केलं. ‘समर्पित’ हा शब्द मी त्यात चार वेळा वापरला. बाई पहिल्या रांगेत शाल मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या, त्या खुर्ची देताना पाहायच्या तशाच. कार्यक्रम संपल्यावर दाराशी थांबल्या. उशीच्या जुन्या अभ्र्यात बांधलेलं एक छोटं गाठोडं माझ्या हातात दिलं.

“हे तुमच्यापाशी ठेवा, सायेब. पुरे व्हतीन ते तुमच्यापाशीच व्हतीन.”

मी गाठोडं काखेत धरलं. त्या म्हणाल्या, “मी काई तुमाले बोलत नाई. त्या दिवशी तोंड मीबी उघडलं नाई. नोकरीले भेली. त्या पोरीपुढं मीबी नासली.” मग शाल खांद्यावर टाकली आणि एसटी गाठायला निघाल्या. महागावला लेकीकडे राहायला जाणार होत्या. मी त्यांना सोडायला स्टँडपर्यंत गेलो नाही. पाठमोऱ्या पाहिल्या, तेवढंच.

मागच्या हिवाळ्यात त्या गेल्या. बातमी कार्यालयाच्या मोबाइल ग्रुपवर आली. खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मीही दोन हात जोडले आणि पुढच्या बैठकीची सूचना टाकली.

त्या रात्री नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कुणी नसताना मी कपाटातून गाठोडं काढलं, शर्टांच्या घडीखालचा खेकडा काढला आणि सोळा पत्ते पलंगावर पालथे मांडले. पंधरा पत्त्यांच्या पाठीवर मधल्या सगळ्या वर्षांचे डाग होते. हळद, तेल, खिचडी, शाईचा एक ठिपका, सगळे त्याच त्या जागी, बाईंनी पंधरांवर एकसारखे उमटवलेले. सोळाव्यावर हळदीचं एक जुनं बोट सोडलं तर काही नव्हतं. तो स्वच्छ होता. संच पुरा झाला, पण आता या पत्त्यांनी कुणालाच खेळता येणार नाही. कोणता पत्ता माझ्याकडे होता, हे तीन वर्षांचं पोरही पाठीवरून सांगेल. मी बोटाला हळद लावून पाहिली. तेल घेतलं. मग हात धुऊन टाकले. तेवढं एक काम तरी मी खोटं केलं नाही.

लच्मी आता सोळा-सतरा वर्षांची आहे आणि त्याच पोडात राहते. मी तिला दोन गोष्टी देणं लागतो: खेकड्याचा पत्ता, आणि पोडातल्या सगळ्या माणसांसमोर मोठ्यानं म्हणायचं एक वाक्य. ‘खेकडा मी घेतला होता.’ अजून दोन्ही दिलेलं नाही.